वडिलांचा फिल्म कॅमेरा सापडलाय. तो वापरावा की डीएसएलआरच बरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचा पेंटॅक्स के-१००० निघाला, हातात साधा डिजिटल कॅमेरा, म्हणजे डीएसएलआर, आहेच, तर आता फिल्मच्या नादी लागावं का आणि फिरायला जाताना दोन्हींतला कोणता न्यावा?

नादी लागा. फक्त 'फिल्मवर खरी फोटोग्राफी शिकता येते' हे जो तो सांगतो, त्यावर फार जाऊ नका. मी बँकेत नोकरी करतो, रविवारी कॅमेरे घेऊन पुण्याच्या आसपास हिंडतो. ॲपर्चर-शटर, म्हणजे उजेड किती आणि किती वेळ आत घ्यायचा ते, मी डिजिटलवर शिकलो, कारण चूक केली की दोन सेकंदांत पाठीमागच्या स्क्रीनवर दिसायची. फिल्मवरची चूक पंधरा दिवसांनी रोल धुऊन आल्यावर कळते. तोवर आपण त्या दिवशी काय सेटिंग ठेवलं होतं ते कुणाला आठवतंय? वर एक रोल, तो धुणं आणि स्कॅन करून घेणं, एवढ्यात चौघांचं बाहेरचं जेवण होतं. शिकण्यासाठी हा फार महागडा क्लास आहे.

के-१००० मात्र नशिबाने मिळाला म्हणायचा. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल निघत होतं आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. सगळं यंत्र स्प्रिंगा-गिअरांवर चालतं. बटणाएवढा सेल लागतो तो फक्त व्ह्यूफाइंडरमधला, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवायला. मीटरला बंद-चालू बटण नाही, त्यामुळे लेन्सला झाकण न लावता कॅमेरा ठेवला तर सेल उतरत राहतो. रोल घालण्याआधी मागचं दार उघडा आणि लिव्हर ओढून नुसतंच शटरचं बटण दाबून बघा. १ सेकंदाला पडदा खरंच सेकंदभर उघडा राहतो का? दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला, तर तो बदलून घ्या, नाहीतर रोलला उजेड लागेल. लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बस. (ती केस टाकू नका, वडिलांना वाईट वाटेल. वेगळी ठेवा.)

आता माझी फजिती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याच्या मागे कृष्णेवरचा घाट. भल्या पहाटे पोहोचलो होतो. पाण्यावर धुकं, एक आजी घाटावर कपडे आपटत होत्या, देवळाजवळ ती मोठी पोर्तुगीज घंटा. एकेक फोटो जपून काढला. काउंटर ३६ वर आला, मग ३७, मग ३९. रोल काही संपेना! तेव्हा पोटात गोळा आला. रिवाइंडची कळ फिरवली तर हाताला कसलाच ताण लागेना. फिल्मचं टोक पलीकडच्या रिळात अडकलंच नव्हतं. अख्खी सकाळ मी रिकाम्या पडद्यावर फोटो काढत होतो. तेव्हापासून रोल घातला की आधी रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढिलाई काढतो आणि लिव्हर ओढताना डाव्या हाताची ती कळ उलटी फिरते का, ते बघतो. फिरली तर फिल्म पुढे सरकतेय. तुमच्या कॅमेऱ्यातही हे असंच दिसेल.

कोणता न्यावा म्हणाल, तर ते ठिकाणावर आहे. भिगवणला रोहित पक्षी बघायला जायचं तर फिल्म घरीच राहू द्या. होडी हलतेय, पक्षी लांब, शंभर फोटोंत चार बरे येतात. जेजुरीला सोमवती अमावास्येला मात्र मी दोन्ही नेतो, आणि तिथे दोघांची वागणूक अगदी उलटी असते. पिवळा रंग म्हणजे सेन्सरच्या, डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी असलेल्या चिपच्या, लेखी लाल आणि हिरवा. उन्हात भंडारा उधळला की लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधी भरून वाहतो, हळदीचे कण नाहीसे होतात आणि पिवळा सपाट डाग उरतो. म्हणून डिजिटलवर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड, ठेवायचं. कलर निगेटिव्हला थोडा जास्त उजेड पचतो, कमी पचत नाही, म्हणून तिथे एक स्टॉप जास्त. धुऊन आलेली निगेटिव्ह खिडकीशी धरा, तिच्यात रंग उलटे असतात, त्यामुळे गडावर निळे ढग उठलेले दिसतील.

आणि हो, किटमधली झूम लेन्स पुढे-मागे होताना हवा ओढते, हवेबरोबर हळदही. माझी एक लेन्स अजून फिरवताना करकरते. प्लॅस्टिकची पिशवी, रबर बँड, आणि पायऱ्या चढल्यावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

तिथेच कमानीखाली भंडारा विकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो मी माझ्या पेंटॅक्सवर काढला होता. एकच. लगेच म्हणाला, "दाव की, बघू." म्हटलं, "बाबा, यात दिसत नाही, धुवावा लागतो." त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पैसे बुडवून चाललोय. डिजिटलवर काढला असता तर स्क्रीन दाखवून मोकळा झालो असतो, आणि दोघंही विसरलो असतो. आता फोटो नेऊन देणं आलं. पुढच्या सोमवतीला सहा बाय आठचा प्रिंट घेऊन गर्दीत त्याला शोधत तासभर फिरलो. सापडला. पिवळ्या हातांनी प्रिंट धरून त्याने बराच वेळ बघितला, मग शेजारच्याला दाखवला, मग मला म्हणाला, "डोळं मिटल्यात की रं माझं."

खरंच मिटले होते. मी स्कॅनमध्ये ते पाहिलंच नव्हतं. दुसरा काढला, तो अजून कॅमेऱ्यातच आहे. रोलमधले अकरा फोटो उरलेत.