दोन कोड अॅनालायझरचे (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणाऱ्या टूल्सचे) रिपोर्ट जोडताना

रिपोर्ट वाचून त्यातली माहिती वेगळी काढणारा स्वतःचा पार्सर लिहायला बसू नकोस. ती हौस मी फेडून घेतली आहे. आधी बघ, दोन्ही टूल्स सारिफमध्ये (SARIF, अशा रिपोर्टसाठीचा सामायिक फॉरमॅट) आउटपुट देतात का. जेसन या मजकुरी डेटा-रचनेवर आधारलेला हा फॉरमॅट २०२० पासून ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड आहे, आवृत्ती २.१.०.

खरी गोम पुढेच. कालची वॉर्निंग आजचीच, हे ओळ क्रमांकावरून ठरवू नकोस. वर एक कॉमेंट टाकली की ४२ ची ४३ होते आणि जुनंच दुखणं नवं म्हणून पुढ्यात येतं. त्यासाठी सारिफमध्ये 'पार्शलफिंगरप्रिंट्स' फील्ड आहे, ओळ सरकली तरी वॉर्निंग ओळखू देणारी खूण. पण ते एकाच टूलपुरतं! दोन वेगळ्या टूल्सचे नियम सीडब्ल्यूई (CWE, सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या प्रकारांची सामायिक यादी) क्रमांकावर जुळव; एसक्यूएल इंजेक्शन (इनपुटमधून डेटाबेसची क्वेरी बदलू देणारा दोष) म्हणजे ८९.

आणि फाइलचे पाथ रिलेटिव्ह, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरपासून, ठेव, नाहीतर सर्व्हरवर फाइलच सापडणार नाही.