घरातली औषधं सुरक्षित आणि नीट लावून कशी ठेवावीत?

आई-वडिलांच्या मिळून दिवसाला अकरा गोळ्या, घरात तीन वर्षांचं मूल आणि सगळी औषधं एकाच पिशवीत, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच होतं, फक्त पिशवीच्या जागी श्रीखंडाचा रिकामा डबा होता.

नवा डबा आणण्याआधी सगळी औषधं गादीवर ओता आणि प्रत्येक पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचा. कंपनीचं ठसठशीत नाव नव्हे, त्याच्या आसपास बारीक अक्षरात असतं ते. आम्ही हे केलं, कारण सासऱ्यांचे पाय सुजायला लागले होते आणि उठताना चक्कर यायची. डब्यात दोन वेगळ्या रंगांची पाकिटं निघाली, नावंही वेगळी. आत मात्र दोन्हींत बीपीचं एकच औषध, ॲम्लोडिपीन ५ मिग्रॅ. एक नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं हॉस्पिटलमधून घरी सोडताना लिहून मिळालेलं. आबा इमानेइतबारे दोन्ही घेत होते! कोणती बंद करायची हे आम्ही मनाने ठरवलं नाही. दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तेव्हापासून कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: मूळ नाव, कशासाठी, किती वाजता.

दुसरी भानगड कापून दिलेल्या पाकिटांची. सहा गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्री चालवतो आणि तारखेचं टोक बरेचदा त्याच्याकडेच राहतं. मी सरळ सांगते, "दादा, तारखेची बाजू मला द्या." घरीही गोळी काढायची ती दुसऱ्या टोकाकडून. ०८/२०२६ छापलं असेल तर ऑगस्टच्या ३१ तारखेपर्यंत चालतं. उघडलेल्या बाटल्यांना मात्र हा हिशेब लावू नका. डोळ्यांचे बहुतेक थेंब फोडल्यावर महिनाभरच वापरायचे, आणि पाणी घालून तयार केलेलं मुलांचं अँटिबायोटिक तर बऱ्याचदा ७ दिवसांतच संपवायचं किंवा टाकायचं असतं. फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

जागेचं म्हणाल तर फ्रिजचं डोकं, ओट्यावरची फळी आणि देवघर या तिन्ही आपल्या लाडक्या जागा बाद. उष्णता, वाफ, समईची धग. बहुतेक पाकिटांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि आम्ही नागपूरचे; मे महिन्यात ४५ अंश बघतो. म्हणून आतल्या खोलीतलं, उन्हाची भिंत नसलेलं लाकडी कपाट. न फोडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर मुळीच नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही.

सात दिवसांच्या खणांची डबी चांगली, पण एका आठवड्याचंच भरा. काही गोळ्या वेष्टनातून काढल्या की ओल धरतात, फिट्सच्या व्हॅल्प्रोएटसारख्या. त्या पाकिटातच राहू द्या, खणात फक्त चिठ्ठी टाका.

आता मूल. आपल्या भाषेत लिमलेटची गोळी आणि बीपीची गोळी यांना शब्द एकच, त्यामुळे मुलाला औषध पाजताना "गोड गोळी आहे, खा" हे आधी बंद करा. लाल, चकचकीत लोहाच्या गोळ्या त्याला चॉकलेटच वाटतील, आणि त्या जास्त पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. कपाटाला कुलूप आणि किल्ली उंचावर. तरीही एक वाट उरतेच, पाहुण्यांची पर्स. मामेसासूबाई आल्या की त्यांची पर्स मी हातातून घेऊन माळ्यावर ठेवते. पहिल्यांदा त्या रुसल्या होत्या. मग पर्समधून त्यांच्या शुगरच्या गोळ्या सुट्ट्या, कागदाच्या पुडीत निघाल्या.