बोरीबंदरला समुद्र कुठे गेला?

प्रश्न असा : 'बंदर, धक्का आणि गोदी एकच का? आणि बोरीबंदर, मस्जिद बंदर इथे पाणी दिसत नाही, मग ही बंदरं कसली?'

आधी कानाला विचारू. बोट बंदरात शिरते, धक्क्याला लागते आणि दुरुस्तीला गोदीत घेतात. माणूस मात्र बंदरावर उतरतो. 'बंदरात' आणि 'बंदरावर' यांतच उत्तराची किल्ली आहे. 'बंदरात' म्हणताना आपल्या मनात जहाजांना आसरा देणारं पाणी असतं, तर 'बंदरावर' म्हणताना पायाखालचा दगडी काठ. शब्द फारसीतून आला (इराणमधलं बंदर अब्बास आठवा), पण मुंबईने त्याचा हा दुसरा, काठाचा अर्थ उचलला. म्हणून एकाच शहरात इतकी बंदरं : चिंच बंदर, लकडी बंदर, कर्नाक बंदर. एकेक म्हणजे माल उतरवायचा एकेक धक्का. त्यातलं 'हे बंदर' वाचून 'कुठलं?' असं विचारावंसं वाटतं. पण इथला 'हे' म्हणजे वाळलं गवत, इंग्रजीतलं.

पुढे भराव पडत गेले, समुद्र पूर्वेला सरकला आणि नावं जागच्या जागी राहिली. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली ती बोरीबंदरहून, आणि नाव स्टेशनाला चिकटलं. बोरी म्हणजे पोती की बोरीची झाडं, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात. मी मध्ये पडत नाही.

पालवा बंदराची गंमत वेगळी. 'अपोलो बंदर' ऐकून ग्रीक देव डोळ्यांपुढे येतो, पण हे पालव्याचंच इंग्रजी रूप, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला वेलिंग्टन पिअर असं सरकारी नावही मिळालं होतं. ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. 1924 साली तिथे गेटवे ऑफ इंडिया उभं राहिलं, तरी जुने लोक फिरायला 'पालव्याला'च जात.

धक्का हा बांधीव काठाचा साधा शब्द. भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाचा. कोकणबोटीच्या काळात चाकरमान्यांना निव्वळ 'धक्का' म्हटलं तरी पुरत असे.

गोदीत मात्र पाणी कोंडलेलं असतं किंवा उपसून काढलेलं. सुरतेहून 1736 मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. त्यांतलं 1817 चं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. प्रिन्सेस डॉक 1880 चा, व्हिक्टोरिया 1888 चा. 14 एप्रिल 1944 ला 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तो व्हिक्टोरियातच, पण बोलण्यात तो 'गोदीतला स्फोट'. ससून डॉकला मात्र 'ससूनची गोदी' म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. तिथे 'डॉक'च चालतं.

जाता जाता आणखी दोन. मांडवी म्हणजे जकात घ्यायची जागा, म्हणूनच मुंबईलाही मांडवी आहे आणि कच्छलाही. आणि रे रोडजवळच्या दारूखान्यात दारू मिळेल म्हणून जाऊ नका. ती दारू बंदुकीची, आणि आता तिथे जुनी जहाजं तोडतात.