वाचकांचे प्रश्न : हान ग्वो-यू महापौर कसे झाले, कसे गेले आणि परत कसे आले

तैवानच्या संसदेचे अध्यक्ष हान ग्वो-यू यांच्या राजकीय वाटचालीबद्दल वाचकांनी विचारलेले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : काओश्युंग हा हान यांच्या विरोधातल्या पक्षाचा बालेकिल्ला आणि ते तिथले मूळचेही नाहीत. मग २०१८मध्ये ते निवडून आले कसे?

उत्तर : बालेकिल्ला खराच. १९९८पासून सलग २० वर्षं दक्षिणेतल्या या बंदराच्या शहरात डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाची (डीपीपी) सत्ता होती. हान उत्तरेतले, जन्म १९५७चा. १९९३ ते २००२ ते कुओमिन्तांग पक्षाचे संसदसदस्य होते. नंतर बरीच वर्षं राजकारणाच्या कडेला गेली. मग तैपेईच्या शेतमाल विक्री कंपनीचे ते महाव्यवस्थापक झाले, आणि पुढे प्रचारात ‘भाजी विकणारा माणूस’ ही ओळख त्यांनी याच नोकरीवर उभी केली. २०१७मध्ये पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवून ते वू दन-यी यांच्याकडून हरले. त्याच वर्षी काओश्युंगची पक्षशाखा त्यांच्याकडे सोपवण्यात आली. तिथली उमेदवारी म्हणजे पराभव ठरलेलाच, असं तेव्हा मानलं जात होतं.

त्यांनी तैवान-चीन वाद बाजूला ठेवला आणि पोटापाण्याची भाषा धरली : माल बाहेर जाऊ दे, माणसं आत येऊ देत, काओश्युंग श्रीमंत होऊ दे. नोकरीसाठी तैपेईकडे गेलेल्या तरुणांचा विषय त्यांनी लावून धरला. तैवानात मतदान कुटुंब-नोंदणीच्या गावीच करावं लागतं, टपाली मतदान नाही. त्यामुळे असे तरुण मतदानाच्या दिवशी गाडी पकडून घरी येतात, आणि घरी आई-वडीलही मतदार असतात. २४ नोव्हेंबर २०१८ला हान यांना ८,९२,५४५ मतं पडली, तर डीपीपीच्या चेन छी-माय यांना ७,४२,२३९. मात्र सगळं श्रेय एकट्या हान यांना देऊ नये. त्या दिवशी डीपीपीची देशभर पडझड झाली होती. २२ शहरं-परगण्यांपैकी १५ कुओमिन्तांगकडे गेले.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचं तर महापौराला राजीनामा द्यावा लागतो का?

उत्तर : नाही, रजा पुरते. एरिक चू २०१५मध्ये, हान २०१९मध्ये आणि होऊ यू-यी २०२३मध्ये असेच रजेवर गेले. तिघेही कुओमिन्तांगचे, तिघेही हरले. चू आणि होऊ निमूटपणे नव्या तैपेई शहराच्या महापौराच्या खुर्चीवर परतले, हान यांची खुर्ची मात्र गेली. फरक वेळेचा होता.

स्थानिक निवडणुका नोव्हेंबरात आणि राष्ट्राध्यक्षपदाची त्यानंतर जेमतेम १४ महिन्यांनी, जानेवारीत होते. म्हणजे नव्या महापौराला वरची निवडणूक लढवायची तर पहिल्या सहा-सात महिन्यांतच पक्षांतर्गत चुरशीत उतरावं लागतं. चू आणि होऊ यांची तेव्हा दुसरी कारकीर्द चालू होती. मतदारांनी त्यांचं काम चार वर्षं पाहिलं होतं. हान २५ डिसेंबर २०१८ला रुजू झाले आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तीन महिन्यांच्या रजेवर गेले. इथला महापौर मानाचा धनी नसतो. तो थेट निवडून येतो आणि शहराचं प्रशासन त्याच्याच हातात असतं. त्यामुळे त्याची गैरहजेरी डोळ्यांत भरते.

पक्षाची उमेदवारी मात्र त्यांनी सहज मिळवली. जुलै २०१९मध्ये कुओमिन्तांगने घरगुती दूरध्वनीवरून जनमत चाचणी घेतली. तीत हान यांना ४४.८ टक्के, फॉक्सकॉनचे संस्थापक टेरी गौ यांना २७.७ टक्के आणि चू यांना १७.९ टक्के पसंती मिळाली. पुढे पाहण्यांचे आकडे उलटे येऊ लागले, तेव्हा त्याच हान यांनी समर्थकांना सांगितलं की चाचणीवाल्यांचा फोन आला तर ‘फक्त त्साई इंग-वेन’ (डीपीपीच्या उमेदवार) म्हणा. चाचण्यांचा विश्वास घालवायचा हा डाव होता. त्याने आपल्याच पक्षाला वाऱ्याची दिशा कळेनाशी होते, हे उघड आहे. ११ जानेवारी २०२०ला त्साई यांना ८१,७०,२३१ मतं मिळाली आणि हान यांना ५५,२२,११९.

प्रश्न : निवडून दिलेल्या महापौराला मतदार मध्येच काढू शकतात, ते नेमकं कसं?

उत्तर : याला रिकॉल म्हणतात. हान यांच्या वेळचे नियम असे होते. पदावर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत हात लावता येत नाही. त्यानंतर पहिला टप्पा प्रस्तावाचा, त्याला १ टक्का मतदारांच्या सह्या लागतात. काओश्युंगमध्ये हा आकडा २२,८१४ होता. वर्ष भरताच, २६ डिसेंबर २०१९ला, नागरिकांच्या गटांनी सह्यांचे गठ्ठे निवडणूक आयोगाकडे दिले. दुसऱ्या टप्प्यात ६० दिवसांत १० टक्के, म्हणजे २,२८,१३४ सह्या हव्या होत्या. चार लाखांहून जास्त जमा झाल्या आणि तपासणीत ३,७७,६६२ वैध ठरल्या. गरजेपेक्षा इतक्या जास्त सह्या द्यायचं कारण व्यावहारिक आहे : पत्ता जुना, अक्षर अस्पष्ट, दोनदा सही अशा कारणांनी अनेक अर्ज बाद होतात.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष मतदानाचा. त्यात दोन अटी आहेत : ‘काढा’ची मतं ‘ठेवा’पेक्षा जास्त हवीत आणि ती एकूण मतदारांच्या किमान एक चतुर्थांश हवीत. काओश्युंगसाठी ही रेषा ५,७४,९९६ मतांची होती. १ टक्क्याच्या आकड्याला २५ने गुणलं तर हा आकडा येत नाही, कारण सह्यांचे टप्पे मूळ निवडणुकीच्या मतदारयादीवरून ठरतात आणि मतदानाचा टप्पा ताज्या यादीवरून.

वर्ष पुरं होण्याआधीच सह्या गोळा करायला सुरुवात झाली, म्हणून प्रक्रिया बेकायदा आहे, असा हान यांच्या बाजूचा आक्षेप होता. मतदान थांबवण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली.

प्रश्न : ६ जून २०२०च्या मतदानात ‘ठेवा’च्या बाजूने फक्त २५,०५१ मतं का पडली? इतके कमी समर्थक उरले होते का?

उत्तर : नाही. हान यांनी समर्थकांना घरीच राहायला सांगितलं होतं. हेतू असा की मग केंद्रावर जाणारा प्रत्येक जण ‘काढा’वालाच ठरेल, शेजारपाजारच्या नजरेला बिचकून काही जण जाणार नाहीत आणि एक चतुर्थांशाची रेषा गाठली जाणार नाही.

ही युक्ती जुन्या कायद्याला शोभणारी होती. २०१६पूर्वी किमान ५० टक्के मतदान झालं तरच रिकॉल वैध ठरे आणि त्यासाठी प्रचार करायलाही बंदी होती. फेब्रुवारी २०१५मध्ये तैपेईतल्या एका संसदसदस्याविरुद्धचं रिकॉल याच अटीवर आपटलं : मत देणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे विरोधात होते, पण मतदान २५ टक्क्यांच्याही आतच राहिलं. पुढच्या वर्षी अट बदलली. एकूण मतदानाची सक्ती गेली आणि ‘काढा’ मतांचा स्वतंत्र उंबरठा आला. अशा नियमात घरी बसणं म्हणजे ‘काढा’च्या उंबरठ्याला धक्काही न लावता ‘ठेवा’ची मतं स्वतःहून टाकून देणं.

निकाल : ‘काढा’ ९,३९,०९०, मतदान ४२.१४ टक्के. जुना नियम असता तर याच आकड्यांवर हान वाचले असते. काढणाऱ्यांची मतं त्यांना २०१८मध्ये निवडून देणाऱ्यांपेक्षाही जास्त होती. तरी सगळा दोष या युक्तीला देणं बरोबर नाही. जानेवारीत काओश्युंगमध्ये हान यांना सुमारे ६ लाख ११ हजार मतं मिळाली होती. ते सगळे मतदार रांगेत उभे राहिले असते तरी गणित जुळलं नसतं. नऊ लाख मतदारांना दिलेला शब्द मोडून वरची खुर्ची मागायला गेल्याचा राग जानेवारीतच पक्का झाला होता.

प्रश्न : पद गेल्यावर निवडणूक लढवायला बंदी येते का?

उत्तर : त्याच मतदारसंघातून त्याच पदासाठी चार वर्षं. बाकी सगळं मोकळं. काओश्युंगमध्ये केंद्र सरकारने प्रभारी महापौर नेमला आणि १५ ऑगस्ट २०२०ची पोटनिवडणूक चेन छी-माय यांनी ७० टक्के मतं घेऊन जिंकली. मुदत दोन वर्षांहून कमी उरली असती तर पोटनिवडणूक झालीच नसती.

प्रश्न : मग हान संसदेचे अध्यक्ष कसे झाले?

उत्तर : पक्षाच्या यादीतून. तैवानच्या संसदेत ११३ जागा आहेत : ७३ मतदारसंघांच्या, ६ आदिवासी समाजांसाठी आणि ३४ पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटलेल्या. २०२४मध्ये कुओमिन्तांगने त्यांना या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवलं, म्हणजे कुठल्याही एका शहराच्या मतदारांना सामोरं जायची गरजच उरली नाही. निकालात कुओमिन्तांगला ५२, डीपीपीला ५१, तैवान पीपल्स पक्षाला ८ आणि अपक्षांना २ जागा मिळाल्या. १ फेब्रुवारी २०२४ला अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पीपल्स पक्ष बाजूला राहिला आणि दोन्ही अपक्षांची साथ घेऊन हान ५४ विरुद्ध ५१ असे निवडून आले.

यादीतल्या सदस्याला मतदार रिकॉल करू शकत नाहीत. २६ जुलै २०२५ला कुओमिन्तांगच्या २४ संसदसदस्यांविरुद्ध एकाच दिवशी रिकॉलचं मतदान झालं, पण त्यात हान यांचं नाव येणं शक्यच नव्हतं. या वेळी पक्षाने समर्थकांना घरी बसवलं नाही, रांगेत उभं केलं. चोवीसही जण वाचले. यादीतल्या सदस्याला भीती असते ती पक्षाची : पक्षाने सदस्यत्व काढून घेतलं की संसदेतली जागाही जाते.