वाळूत फोटो काढायचेत? मग पहाटे उठायची तयारी ठेवा

प्रश्न : आमचा साखरपुडा नोव्हेंबरमध्ये झाला, लग्न मे महिन्यात. साखरपुड्याचे फोटो म्हणजे सगळे स्टेजवरच्या त्या लाल खुर्चीतले, मागं थर्माकोलची नावं, एक पण धड नाही. म्हणून आम्ही जैसलमेरला जाऊन वाळूत नीट फोटो काढायचं ठरवलंय. फोटोग्राफर सोलापूरचाच आहे, लग्नाची कामं चांगली करतो पण वाळवंट त्यानं कधी बघितलेलं नाही. जानेवारीत चार दिवस सुट्टी आहे. जागा कुठली, वेळ कुठली, कपडे कसले? आणि घरचे म्हणतात लग्नाआधी दोघंच एवढ्या लांब कशाला, त्याचं काय करू?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : शेवटच्यापासून सुरू करतो. दोघंच जाऊ नकाच. घरच्यांचं मन राखायला म्हणून नाही, तुम्हाला खरंच एक जास्तीचा माणूस लागणार आहे, रिफ्लेक्टर धरायला, ओढणी उडवायला, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. एखादा चुलतभाऊ नाहीतर मावसबहीण बरोबर घ्या, घरचे पण खूश आणि फोटोग्राफर पण.

आता वेळ. सगळे म्हणतील सनसेट. सम गाव जैसलमेरपासून साधारण 40 किलोमीटरवर, तिथले वाळूचे डोंगर सगळ्यात प्रसिद्ध, आणि संध्याकाळी तिथं आपल्या गड्ड्याच्या यात्रेसारखी गर्दी असते, उंट, जीप, चहावाले, फोटोत तुमच्या मागं कुणाची तरी मामी सेल्फी काढत असणार. म्हणून माझं स्पष्ट मत, सकाळी काढा. रात्रभर वाऱ्यानं पावलांचे ठसे पुसलेले असतात, वाळूवर बारीक लाटा उठलेल्या असतात आणि त्या लाटा दिसायला ऊन आडवं लागतं, उन्हं वर चढली की तेच सगळं सपाट पिठासारखं दिसतं. जानेवारीत तिकडं सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे सोलापूरपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा, त्यामुळं सोलापूरच्या हिशोबानं अलार्म लावलात तर उगाच अंधारात कुडकुडत बसाल. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी जागेवर, नंतर जेमतेम तास-सव्वा तास काम, मग सरळ नाश्ता.

एक गोष्ट पाळा. ज्या वाळूवर फोटो काढायचाय तिच्यावर आधी कुणी चढायचं नाही. फोटोग्राफर खाली थांबणार, तुम्ही दोघं बाजूनं वळसा घालून वर जाणार, आणि आधी लांबचे मोठे फोटो, जवळचे शेवटी. उलटं केलंत की अख्ख्या फ्रेममध्ये तुमच्याच पायांचा बाजार दिसतो. आम्ही पहिल्यांदा एका जोडप्याला घेऊन गेलो तेव्हा मीच उत्साहात वर पळालो होतो, पुढं तासभर त्या ठशांच्या कडेकडेनं कोन शोधत बसलो.

समची गर्दी नको असेल तर खुडी बघा, जैसलमेरच्या नैऋत्येला, तुलनेनं शांत. वाळूच वाळू होऊ नये म्हणून एक वेगळी जागा पण ठेवा, बडा बागच्या पिवळ्या दगडी छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्या, शहराजवळ आहेत आणि कुलधरा हे ओसाड गाव समच्या वाटेवरच पडतं. तिथं शूटिंगची फी किंवा परवानगी काय लागते ते आधी विचारून घ्या. ड्रोनचा हट्ट सोडा, सीमेवरचा जिल्हा आहे, परवानगीशिवाय उडवलात तर साखरपुड्याऐवजी चौकशीचे फोटो निघतील. आणि सम-खुडीच्या पट्ट्यातच डेझर्ट नॅशनल पार्क पसरलंय, आपल्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक तिकडं पण आहे, गोडावण म्हणतात त्याला, राजस्थानचा राज्यपक्षी. त्यामुळं ड्रायव्हरला जीप कुठं पण माळात घाल म्हणून सांगू नका.

कपड्यांचं सोपं आहे. वाळू पिवळी, जैसलमेरचा दगड पिवळा, म्हणजे मोतिया, बदामी, हळदी रंग घातलात की तुम्ही त्यात विरघळून जाणार. गडद निळा, मरून, बाटली हिरवा घ्या. आईची जुनी इरकल असेल तर नक्की न्या, ते काठ उन्हात काय दिसतात म्हणून सांगू. हिल्स अजिबात नको, टाच रुतते आणि चेहऱ्यावर ते दिसतं. चपला काढून अनवाणीच चाला, पण पहाटे वाळू बर्फासारखी गार असते हे आधी सांगून ठेवतो. आणि आपली सोलापुरी चादर एक घ्याच, बसायला, पांघरायला, फोटोत अंथरायला पण, त्या पिवळ्यावर तिची नक्षी उठून दिसते.

फोटोग्राफरला एवढं सांगा, लेन्स वाळूत बदलायची नाही, दोन कॅमेरे असतील तर दोन लेन्स आधीच लावून न्या. माझी एक झूम लेन्स अशीच गेली, फिरवली की कर्रर्र आवाज, दाताखाली खडा यावा तसा. वाळू बसली तर फडक्यानं पुसायची नाही, ओरखडे पडतात, ब्लोअरनं उडवायची. दुसरं म्हणजे व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगाची सेटिंग, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा त्या सोनेरी रंगाला रोग समजून बरा करत बसतो, डेलाइटवर ठेवायला सांगा. जायच्या आधी एक पहाट हिप्परग्याच्या तलावाकडं रिहर्सल करा, कॅमेऱ्यापुढं हात कुठं ठेवायचे हा प्रश्न तिथंच सुटू दे.

तारीख ठरवताना संक्रांतीचे दिवस टाळा, सिद्धेश्वरांची यात्रा सोडून सोलापूरचा कुठला फोटोग्राफर यायचा! जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेच्या आसपास असतो, तेव्हा हॉटेलं भरलेली, ते पण बघून घ्या.

प्रश्न : आमचं बजेट नाही, मोबाइलवर काढले तर चालतील का?
— आणखी एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चालतील की. वरची पहाटेची आणि ठशांची गोष्ट मोबाइलला पण लागू. समोरच्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, उजेड थोडा कमी करा, झूम करू नका, चालत पुढं जा. सूर्य पाठीमागं घेऊन काळ्या आकृतीचे फोटो मोबाइलवर झकास येतात. मोबाइल खिशात नको, झिपच्या पिशवीत ठेवा, चार्जिंगच्या भोकात वाळू गेली की संपलं. आणि हो, चादर घरी आणली की गच्चीवर नीट झटका, तशीच वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. आमच्या मशीनमधून महिनाभर जैसलमेर निघत होतं.