घरी रूबार्ब लावला तर गोधडीकामाला वेळ उरतो का?

उरतो की! रूबार्ब म्हणजे ज्याचे आंबट दांडे शिजवून खातात ते झाड. त्याच्याइतकं आळशी माणसाला मानवणारं झाड मी पाहिलेलं नाही. आम्ही इंग्लंडात यॉर्कशरला राहतो. इथला वेकफिल्डजवळचा पट्टा रूबार्बसाठीच प्रसिद्ध, कारण त्याला थंडी हवीच. (पुण्याच्या गच्चीत नाद सोडा.)

थंडीत गड्डा लावा, कोंब मातीच्या वर जेमतेम दिसेल इतकाच. शेणखत भरपूर. पहिल्या वर्षी एकही दांडा तोडायचा नाही, म्हणजे ते वर्ष गोधडीचंच! पुढे वसंतात दांडा बुडाशी धरून हलका पीळ देत ओढायचा. सुरीने कापला तर उरलेला खुंट कुजतो. जूनअखेर तोडणी थांबवा. पानं विषारी, पोटात जाता कामा नयेत. माझं रोजचं काम म्हणाल तर कोरड्या दिवसांत पाणी, बाकी धावदोरा.

पाच-सहा वर्षांनी गड्डा खणून फोडावा लागतो. तेव्हा उरलेली मुळं फेकू नका. चिरून, वाळवून उकळली आणि लोकर आधी तुरटीत भिजवली, तर तिच्यावर सोनेरी पिवळा रंग चढतो. जुन्या सुती साडीच्या तुकड्यांवर मात्र फिकाच बसतो, म्हणून मी लोकरीचा दोराच रंगवते.