‘मला दिसतंय तेच खरं ना, मॅडम?’

जोडीदाराबद्दलच्या संशयाने पोखरलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिल्याच भेटीत हमखास हे विचारतात. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक अनुभव सांगते.

चाळिशीतले गृहस्थ एकटेच आले. एका हातात वही, दुसऱ्या हातात ब्राझीलचे लेखक माशादो द असिस यांची १८९९ सालची कादंबरी ‘डोम कास्मुरो’. “यातला बेंतो म्हणजे मीच,” ते म्हणाले. बेंतो वकील. बायको कपितू आणि जिवलग मित्र एस्कोबार यांचे संबंध होते, अशी त्याची खात्री. पुरावा काय, तर बुडून गेलेल्या एस्कोबारच्या मृतदेहाकडे तिने लावलेली नजर आणि मुलाचा त्या मित्रासारखा दिसणारा चेहरा. अंत्यविधीचं ते पान या गृहस्थांनी पेन्सिलीने इतकं गिरवलं होतं की रेघा मागच्या बाजूला उमटल्या होत्या.

कादंबरी मी वाचलेली होती. सगळी हकिकत बेंतोच सांगतो. कपितूचं बोलणंसुद्धा आपल्यापर्यंत पोहोचतं ते त्याच्याच तोंडून. तरी कितीतरी वर्षं बहुतेक समीक्षक त्याच्या शब्दावर विसंबले. १९६०मध्ये हेलन कॉल्डवेल या अमेरिकन अभ्यासिकेने कपितूची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे बेंतोची उलटतपासणी सुरू झाली.

मी त्यांना आधीचं एक पान काढून दिलं. कपितूच्या मैत्रिणीचे वडील आपल्या बायकोची तसबीर बेंतोला दाखवतात. ती हुबेहूब कपितूसारखी, नात्यागोत्याचा काही संबंध नसताना! चेहरे उगाचही जुळतात, हे खुद्द बेंतोनेच लिहून ठेवलंय. त्या पानावर पेन्सिलीची एकही रेघ नव्हती.

मग वही उघडली. ‘फोन पालथा ठेवला. घाबरली.’ मी विचारलं, “यातलं डोळ्यांनी काय पाहिलंत?” बराच वेळ गेला. “पालथा ठेवला, एवढंच.”

पुढच्या दोन भेटींत आम्ही एकेक नोंद अशीच सोडवत गेलो. पाहिलेलं एकीकडे, ताडलेलं दुसरीकडे. मी त्यांचा संशय खोटा ठरवत नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. संशय खराही निघतो. आणि ज्याची झोप उडालीय त्याला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणं क्रूरपणा आहे. त्यांचं दुःख मला पूर्ण मान्य होतं. पण बायकोच्या मनात काय चाललंय याचे ते साक्षीदार नव्हते.

चौथ्या भेटीला बायकोही आल्या. त्या बोलतील आणि मध्ये कुणी तोडायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. एका सहकाऱ्याशी जवळीक वाढली होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच ती थांबवली होती.

नवऱ्याने वही चाळली. पहिली नोंद आठ महिन्यांपूर्वीची.

“तेव्हा मी कुठे होतो गं?” हा प्रश्न त्यांनी मला नाही, बायकोला विचारला.